दुसऱ्या नळीची ओढ

१० ऑक्टोबर

हाजी अश्मावी आज दुकानात येऊन गेला. शहराच्या नव्या भागात त्याची मोठमोठी कॉफीघरं आहेत, आणि तिथल्या इमारतींत आता निखारा आत नेऊ देत नाहीत. राख नको, गालिचे जळायला नकोत. म्हणून त्याला विजेचा हुक्का हवाय, पण दिसायला आमच्या नहासीन गल्लीतला, पितळेचा, नक्षीचा.

"चीनचे आणून बघितले, उस्ता बद्रान," तो म्हणाला. "बारीक नळीनं मध ओढल्यासारखं वाटतं. माणसाचे गाल आत जातात. मला असा करून दे की गिऱ्हाईक गप्पा मारता मारता ओढेल, त्याला कळणारसुद्धा नाही."

डिसेंबरच्या सुरुवातीला त्याला दाखवायचा. पसंत पडला तर वर्षभराचं काम. नाही पडला तर जागेचा मालक टपलेलाच आहे, त्याला इथं पर्यटकांसाठी लाकडी उंटांचं दुकान काढायचंय. आमच्या आजोबांनी जिथं पितळ ठोकलं तिथं उंट! माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

हुसाम, माझा मुलगा, जेद्दाहहून फोनवर म्हणाला की रोज काय बदल केला ते लिहून ठेवा, नाहीतर उद्या तुम्हीच विसराल. म्हणून ही वही.

फिक्री असता तर त्यानं हाजीला चहासुद्धा दिला नसता. माझा थोरला भाऊ. निखाऱ्याशिवाय हुक्का म्हणजे मयताच्या गालाला लावलेली लाली, असं म्हणायचा. "विजेचा हुक्का या उंबऱ्यातून बाहेर पडणार नाही, निदान मी असेपर्यंत." तो रमजानमध्ये गेला. बसल्या जागी मान टाकली. हृदयाचं होतं म्हणाले.

१४ ऑक्टोबर

प्रयोगासाठी आमच्या दोघांचाच जुना हुक्का घेतला. एक भांडं, दोन नळ्या. हिरवी माझी, लाल फिक्रीची. कामावरून उठल्यावर आम्ही समोरासमोर बसून ओढायचो. एकानं ओढताना दुसऱ्यानं आपल्या तोटीवर अंगठा ठेवायचा, हा नियम. लहानपणी फिक्री मुद्दाम अंगठा काढायचा, नाहीतर मी ओढत असतानाच स्वतःही जोरात ओढायचा. मग माझ्या वाट्याला काही येत नसे, नुसता गळा ताणला जायचा. तो पोट धरून हसायचा.

चिलमीच्या जागी तापणारी कॉइल बसवली. झुरका घेतला की आतल्या सेन्सरला कळतं आणि कॉइल पेटते, वाफ पाण्यातून येते. लाल नळीच्या तोटीत बूच घट्ट ठोकलं. अब्बांचा नियम अजून पाळतो: जो हुक्का आपल्या छातीनं पास केला नाही, त्यानं उंबरा ओलांडायचा नाही. पूर्वी फिक्रीची आणि माझी, दोन छात्या होत्या. आता एकच.

ओढला. घट्ट. फारच घट्ट. हाजी म्हणतो ते खरं, विजेचा असा असतो. झडप सैल केली.

१५ ऑक्टोबर

झडप अजून सैल केली. घट्टच.

इग्लाल, माझी बायको, डबा घेऊन आली. मुलुखियाची पातळ पालेभाजी आणि ससा. जेवताना म्हणाली, "अबू हुसाम, काल जिन्यात तिसऱ्या मजल्यावर थांबून तुम्ही काय बघत होतात?"

"उम्म सबरीचं दार."

"इतका वेळ? दारच होतं ना, की उम्म सबरी पण होती?"

बायकांना थट्टा सुचते. खरं सांगायचं तर आमच्या जिन्याच्या पायऱ्या दुरुस्तीनंतर उंच झाल्यात. गवंड्यानं हात मारलाय. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्याला ते कळतं.

२१ ऑक्टोबर

पाण्यात बुडणारी दांडी कापून आखूड केली. जितकी कमी बुडेल तितकी ओढ हलकी, हे पोरालाही माहीत असतं. थोडा फरक पडला. मला आनंद झाला, म्हणून शेजारच्या गाबरला बोलावलं. गाबर पितळेवर नक्षी काढतो आणि तोंडानं सगळ्यांची नक्षी काढतो.

त्यानं झुरका घेतला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला. "अरे बाबा, हा काय हुक्का आहे? मी ओढायच्या आधीच छातीत जाऊन बसला!"

"तुझी छाती सिगारेटींनी वाया गेली आहे."

"असेल, भावा, असेल," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. गाबर गप्प बसला की मला राग येतो, कारण तो कधीच गप्प बसत नाही.

३० ऑक्टोबर

लिहावं की नाही, कळत नाही. पण ही वही कोण वाचणार आहे?

दुपारी एकटा होतो. गाबर नमाजाला गेला होता. मी हिरवी नळी तोंडात धरून सावकाश ओढलं आणि पलीकडून कुणीतरी ओढलं. नुसतं घट्ट नव्हतं ते. घट्ट म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, माझं आयुष्य त्यात गेलं. मी ओढीन तसं तेही ओढत होतं. मी सोडलं की सोडत होतं. छातीच्या मध्यापर्यंत वाफ येई आणि तिथून परत खेचली जाई.

लाल नळीच्या तोटीत बूच होतं. मी स्वतः पाहिलं.

"फिक्री," मी म्हणालो, "अंगठा ठेव."

मग मला घाम सुटला आणि मी दुकान बंद करून घरी आलो.

२ नोव्हेंबर

गच्चीवर गेलो होतो. कबुतरं बहिरी झालीत. शीळ घातली तर एक फिरकेल तर शपथ. पलीकडच्या गच्चीवरच्या पोट्ट्यानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली तर माझी कबुतरं त्याच्या गच्चीवर उतरली. ज्याचं खातात त्याला विसरतात. फिक्रीनं पाळलेली जात आहे, त्याच्यासारखीच आडमुठी.

इग्लालनं रात्रीसाठी तिसरी उशी आणून ठेवली आहे. मी मागितली नव्हती. पण आडवं झालं की छातीवर ओझं बसतं, बसून बरं वाटतं. हे मी तिला सांगितलं नाही. तिला कसं कळलं कोण जाणे.

९ नोव्हेंबर

काल फिक्रीच्या कबरीवर गेलो. बाब नस्रच्या कबरस्तानात. सनीया, त्याची बायको, शुरेकच्या पावांची टोपली आणि खजूर घेऊन आली होती. गरिबांना वाटले. फातिहा म्हटला. वाटेत मी दोनदा बुटाची नाडी बांधायला थांबलो. सनीया माझ्या बुटांकडे बघत होती. माझ्या बुटांना नाडी नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं. ऊन लागतं माणसाला.

मी तिला विचारलं, "वहिनी, फिक्री तुझ्या स्वप्नात येतो का?"

"कधी कधी. का?"

"माझ्यावर रागावलाय असं काही बोलतो का?"

ती हसली, मग तिचे डोळे भरले. "तुझ्यावर? तो तर शेवटी शेवटी त्या हुक्क्यावरच रागावलेला असायचा. घरी येऊन म्हणायचा, बद्राननं झडप बदललीय, मला सांगत नाही. हुक्का घट्ट झालाय म्हणायचा. मी म्हणायचे, दवाखान्यात चल. तो म्हणायचा, हुक्क्याला दवाखाना कशाला?"

मी झडप बदलली नव्हती. अल्लाची शपथ, मी हातसुद्धा लावला नव्हता.

पण हे ऐकून मला एक धागा मिळाला. म्हणजे दोष जुना आहे! भांड्याच्या मानेत कुठंतरी असणार. फिक्रीला जाणवला, मला जाणवतोय, आणि गाबरसारख्या बाहेरच्या माणसाला जाणवत नाही. उद्या मान उघडतो.

मी हे सांगितल्यावर सनीयानं माझा हात धरला. मग इग्लालला फोन करते एवढंच म्हणाली.

११ नोव्हेंबर

मान उघडली. आरशासारखी स्वच्छ. दोष नाही.

मग मी जे करायला नको ते केलं. लाल नळी कापली. तिचं भोक झाळून बंद केलं. मखमल जुनी होती, कात्री लागताच सुटली, आणि आतून फिक्रीच्या तंबाखूचा वास आला, सफरचंद आणि लवंग. इतके महिने गेले तरी. मी नळीचा तुकडा सवयीनं दुमडला, तोटी आपल्याकडे वळवून, जशी दुसऱ्याला देताना दुमडतात, आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. तोटी माणसावर रोखून नळी देणं म्हणजे त्याचा अपमान. मेलेल्याचाही करू नये.

आता एकच नळी. आता पलीकडे कुणी नाही.

ओढलं. तितकंच घट्ट.

मी ओरडलो त्याच्यावर. गल्लीला ऐकू गेलं असेल. तुझं हे घर आहे, हे दुकान तुझंही आहे, मग बुडवतोस का? हाजीची सही झाली नाही तर इथं लाकडी उंट बसतील, तुला उंटांत राहायचंय का? ओरडता ओरडता दम संपला आणि खाली बसलो. गाबरनं पाणी आणून दिलं.

१८ नोव्हेंबर

उपाय सापडला! माणसानं ओढायचंच कशाला?

रुग्णांना वाफ देण्याचं जुनं यंत्र भंगारात मिळालं. त्यातला लहानसा पंप काढून खाली बसवला. सेन्सर इतका हळवा केला की ओठ लागल्याबरोबर पंप चालू होतो आणि वाफ आपणहून वर येते. पाणीही छान गुडगुडतं. नहासीन गल्लीत असा हुक्का कुणी केला नाही. पहिल्यांदाच मला पोटभर झुरका मिळाला. मी जवळजवळ रडलो. फिक्री ओढो बापडा पलीकडून, पंपाशी कोण जिंकणार?

हुसामला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, पण मग तो हुक्का कसला?" बापाचीच जीभ, काकाचीच अक्कल.

२६ नोव्हेंबर

आज इग्लालनंही ऐकलं. म्हणजे मला वेड लागलेलं नाही.

ती डबा घेऊन आली, आम्ही दोघं दारात उभे होतो, पंखा चालू होता, आत कुणी नव्हतं. आणि हुक्का गुडगुडायला लागला. संथ, दमादमानं, थांबून थांबून. म्हाताऱ्या माणसासारखा. कॉइल लाल होई, विझे, पुन्हा लाल होई. तोटीतून वाफ निघून त्याच्या खुर्चीकडे जात होती.

इग्लालनं माझी बाही पकडली. "बंद करा ते."

"मी चालू केलेलं नाही."

"मला माहीत आहे. बंद करा. फिक्रीभाऊ शेवटी असेच श्वास घ्यायचे."

मी वायर ओढून काढली. तिला म्हटलं, बघितलंस, तो आहे. ती म्हणाली, "जो गेला त्याची मला भीती नाही, अबू हुसाम." मग भांडी आवरायला लागली. चमचे घासून पुसलेले असतानाही पुसत राहिली.

१ डिसेंबर

हाजी अश्मावी आला होता. दाखवण्याचा दिवस ठरला होता तोच.

मी हुक्का घासून सोन्यासारखा केला होता. हाजी ऐसपैस बसला, नळी हातात घेतली, आणि तोंडाला लावायच्या आत हुक्का सुरू झाला. वाफ त्याच्या नाकावर. पंख्याचा वारा तोटीवर लागला की सेन्सरला झुरका वाटतो, हे त्यानं दोन क्षणांत ओळखलं. पंखा बंद करायला लावला. म्हणजे त्या दिवशीही पंखाच होता. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पंख्याचा वारा पुरतो, एवढीशी हवा पुरते, आणि तरीही मला तो घट्टच वाटायचा. हे आता लिहिताना लक्षात येतंय.

मग हाजीनं झुरका घेतला आणि नळी लगेच बाजूला केली.

"उस्ता, हा मी ओढत नाहीये, हा मला पाजतोय. आजाऱ्याला चमच्यानं सूप पाजतात तसा. कुणासाठी बनवलास?"

"गिऱ्हाइकासाठी. माझ्या छातीनं ठरवलीय ओढ. आमच्या दुकानाची पद्धत आहे ती."

गाबर दारात होता, तो जमिनीकडे बघायला लागला. मला वाटलं, गेलं काम, आले उंट.

पण हाजी हसायला लागला. मांडीवर थाप मारून म्हणाला, "अरे, हे तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! माझ्या जुन्या कॉफीघरात निम्मे म्हातारे नुसती नळी धरून बसतात. त्यांच्याच्यानं पाणी हलत नाही. डॉक्टरनं बंद करायला सांगितलेलं असतं. माझा बाप त्यांतलाच. रोज येतो, तोटी ओठाला लावतो आणि गुडगुड व्हायची वाट बघतो. त्यांना हे दिलं तर? तेवढ्यासाठी ते घर विकतील. उस्ता, तू सोन्याची खाण काढलीस."

दोन प्रकार करायचे ठरले. म्हाताऱ्यांसाठी हा, आणि धडधाकट गिऱ्हाइकांसाठी दुसरा, पंपाशिवाय, नेहमीच्या ओढीचा. पहिला नग त्याच्या वडिलांसाठी. गुरुवारी सही.

दुकान वाचलं! गाबरनं मिठी मारली, पण अभिनंदनाचं "मबरूक" म्हणाला ते कुणी मेल्यावर म्हणतात तशा आवाजात. घरी आलो तर इग्लाल म्हणाली, "देवाची कृपा. आता माझं एक काम करा. माझ्या छातीत धडधडतं, बुधवारी दवाखान्यात सोबत चला."

इतकी वर्षं संसार केला, हिला कधी शिंक आलेली आठवत नाही. पण काळजी वाटली. जाईन म्हणालो.

४ डिसेंबर

काल दवाखान्यात गेलो. नाव इग्लालचं पुकारतील म्हणून बसलो होतो तर माझं पुकारलं. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "आलोच आहोत तर तुमचंही बघू देत. एका तिकिटात दोघं." मला तिथं तमाशा करायचा नव्हता.

आत एक मुलगी होती, पांढरा कोट, डोक्याला जांभळा रुमाल. माझ्या सुनेच्या वयाची. तिनं माझ्या हातात प्लास्टिकचं यंत्र दिलं. तीन उभ्या नळकांड्या, प्रत्येकीत एक हलकी गोळी, आणि एक नळी, तोटीसकट. मला हसू आलं. अगदी आमच्याच धंद्यातली वस्तू.

"तोटी तोंडात धरा, चाचा, आणि ओढा. गोळ्या वर जायला हव्यात."

"बाळा, मला शिकवतेस?"

ओढलं. पहिली गोळी जागची हलली, थरथरली, तशीच राहिली. पुन्हा ओढलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि तेच. पलीकडून कुणीतरी ओढत होतं. त्या दवाखान्यात, त्या प्लास्टिकमध्ये.

मी यंत्र उलटं केलं, नळी काढून फुंकून बघितली. "तुझं हे यंत्र घट्ट झालंय," मी म्हणालो. "खालचं भोक बुजलं असेल. स्क्रू-ड्रायव्हर आण, मी सैल करून देतो. माझं कामच आहे ते."

मग इग्लाल उठली. "द्या इकडे," म्हणाली, "मी बघते." तोटी रुमालानं पुसली, तोंडात धरली, आणि ओढलं.

इग्लालनं आयुष्यात हुक्का ओढला नाही. पाचव्या मजल्यापर्यंत गॅसची टाकी स्वतः चढवून आणणारी बाई. तिन्ही गोळ्या टक्कन वर गेल्या आणि वरच राहिल्या. तिलाही ते अपेक्षित नसावं. तिनं घाईनं तोटी तोंडातून काढली, जशी काही चोरी पकडली गेली, आणि गोळ्या खाली पडल्या.

"हो," ती म्हणाली, "खराब आहे हे. यांचं बरोबर आहे."

त्या मुलीनं तोंड उघडलं. इग्लालनं तिच्याकडे अशी नजर टाकली की तिनं मिटलं.

मी लहानपणापासून दुसऱ्यांची ओढ तपासत आलो. कोणाची छाती किती, हे मला गुडगुडीच्या आवाजावरून सांगता येतं. इग्लालच्या पाठीमागून मी त्या गोळ्या बघितल्या होत्या. त्या वर होत्या. तिला वाटलं मला दिसल्या नाहीत.

"हो ना," मी म्हणालो. "खराबच आहे."

नंतर डॉक्टर बरंच बोलला. फोटो काढले. ते मी इथं लिहीत नाही. तिथून बाहेर पडल्यावर इग्लाल औषधं घ्यायला रांगेत उभी राहिली आणि मी हाजी अश्मावीला फोन लावला.

"हाजी, ओढ ठरवायला धडधाकट छातीचा माणूस पाठवा. माझ्यावर जाऊ नका."

"आणि बापासाठीचा? तो रोज विचारतो."

"तो मी बनवणार नाही."

"वेडा झालास? अरे, म्हाताऱ्याला चार दिवस सुख मिळेल! आणि कागद त्याच्यासकटच आहे, उस्ता. अर्धा घेणार नाही मी."

"त्याला म्हणावं, हुक्का घट्ट झालेला नाही," मी म्हणालो. पुढं बोलायला दम पुरला नाही. त्यानंच फोन ठेवला. आज गुरुवार. त्याचा माणूस आला नाही.

मला भीती वाटते. फिक्री दुकानात होता तेव्हा नव्हती वाटत इतकी. भांडायला कुणीतरी होतं.

कालचं एक राहिलं. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा पहिल्या मजल्यावरच इग्लाल कठड्याला धरून थांबली. गुडघे दुखतात म्हणाली. दुसऱ्यावर पुन्हा थांबली. तिसऱ्यावर उम्म सबरीच्या दारापुढं तर औषधांची पिशवी खाली ठेवून पायरीवर बसलीच, आणि मला शेजारी बसायला जागा केली. "म्हातारी झाले हो मी," म्हणाली. तिचा श्वास अगदी संथ चालला होता.

मी तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, "हवी तितकी बस, हुसामच्या आई. मला काही घाई नाही."